कुलूप लावून गेल्यावर : नोकरी आणि घरातले पिल्लू

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस आमच्या पुण्यातल्या घरी साडेआठ आठवड्यांची चिंगी आली. मी बँकेत नोकरी करते आणि माझे यजमान महाविद्यालयात शिकवतात, त्यामुळे सकाळी सव्वानऊला दाराला लागलेले कुलूप संध्याकाळी सहानंतरच निघते. विक्रेत्याने ‘पॉमेरियन’ म्हणून दिलेली चिंगी प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ आहे, आणि आपल्याकडे त्या नावाने विकली जाणारी बहुतेक कुत्री हीच असतात, हे पहिल्या तपासणीतच डॉक्टरांनी हसत हसत सांगितले. त्याचे आम्हाला काही वाटले नाही. खरी चूक आमच्या हिशेबात होती. घर लहान आणि वेळही कमी, तेव्हा कुत्रेही लहान जातीचे घ्यावे, असे आम्ही ठरवले होते. घराच्या बाबतीत ते बरोबर निघाले, वेळेच्या बाबतीत मात्र साफ उलटे, कारण लहान जातीच्या पिल्लाचे पोटही लहान असते आणि मूत्राशयही. पिल्लाच्या वयाच्या महिन्यांत एक मिळवला की जितके होतात तितके तास ते कसेबसे धरू शकते, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. त्याप्रमाणे दोन महिन्यांच्या चिंगीला तीन तास जमणार होते आणि आमचे कुलूप नऊ तासांचे होते.

यजमानांच्या उन्हाळी सुट्टीने आम्हाला तारले. जूनच्या मध्याला महाविद्यालय सुरू झाले तेव्हा चिंगी साडेतीन महिन्यांची होती. तेव्हापासून साडेअकराला कामाच्या मावशी आणि तीन वाजता पहिल्या मजल्यावरची एक विद्यार्थिनी अशा दोन फेऱ्या लावल्या आणि त्या विद्यार्थिनीला महिना दोन हजार रुपये ठरवले. लसींचे सर्व डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होत नाहीत आणि तोवर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या भीतीने पिल्लाला रस्त्यावर उतरवता येत नाही, म्हणून घरातच रद्दी अंथरण्याला पर्याय नव्हता. चपलांच्या मांडणीजवळचा कोपरा फिनाइलने कितीही पुसला तरी ती तिथेच जात असे. आपल्या नाकाला येईनासा झालेला वास तिच्या नाकाला येतच असतो, हे समजायला आम्हाला तीन आठवडे लागले. एन्झाइम असलेले द्रावण आणून तो कोपरा धुतला आणि नव्या कागदावर जुन्या ओल्या कागदाचा एक तुकडा ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे तिला जागा कळली. ती इतकी पक्की कळली, की सासरे जमिनीवर पसरून रविवारची पुरवणी वाचत असताना तिने थेट शब्दकोड्यावर कार्यभाग उरकला.

आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. कुत्री गोड असतात यावर आपले एकमत आहेच, तेव्हा घराला कुलूप असतानाची दुपार आपण कशी निभावली, हे विशेष करून सांगावे.

ठाणे, खासगी कंपनीत लेखापाल

माझा अनुभव सुखाचा नाही, पण तो लिहिणे मला आवश्यक वाटते. आमचा शिह त्झू या छोट्या जातीचा मोती दहा आठवड्यांचा होता आणि त्याचे वजन एक किलोही भरत नव्हते. एका सोमवारी सकाळी आठला मी त्याचे खाणे वाटीत ठेवून निघालो आणि दुपारी येणाऱ्या बाई त्या दिवशी आल्या नाहीत. साडेचारला मी घरी पोहोचलो तेव्हा वाटी जशीच्या तशी भरलेली होती आणि मोती दाराच्या पायपुसण्यावर आडवा पडला होता. मी हाक मारली तेव्हा त्याने मान उचलली, पण ती डुगडुगली आणि पुन्हा खाली गेली. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या आणि कान गार लागत होते. डॉक्टरांनी फोनवरूनच सांगितले, की बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळा, पण तोंडात काही ओतू नका, कारण गिळण्याचे भान नसेल तर ते श्वासनलिकेत जाईल. टॉवेलात गुंडाळून त्याला दवाखान्यात नेले तेव्हा रक्तातली साखर ४० च्याही खाली होती.

इतक्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठाच फारसा नसतो, त्यामुळे मोठ्या जातीचे पिल्लू जो उपास सहज काढते तो याच्या जिवावर बेततो, हे त्या रात्री सलाइनच्या नळीकडे बघत असताना मला समजावून सांगण्यात आले. त्यानंतर चार महिने आम्ही दिवसाला चार वेळा खाणे दिले आणि दुपारच्या दोन वेळांसाठी ठरल्या वेळी झाकण उघडणारे यंत्र आणले. तरीही मी केवळ यंत्रावर विसंबलो नाही, कारण यंत्र खाणे समोर ठेवते, ते खाल्ले गेले की नाही हे पाहत नाही. शेजारच्या काकूंकडे एक किल्ली दिली. रोज सकाळी कणीक मोजायच्या काट्यावर मोतीचे वजन होत असे आणि ते कालनिर्णयाच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिले जाई. ती पाने मी अजून फाडलेली नाहीत.

नागपूर, शासकीय कार्यालय

२००३ च्या सुमारास मोबाइलच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग पाहून ज्यांच्या मनात पग भरला, त्यांच्यापैकी मी एक आहे. फक्त तो आणायला मला पंधरा वर्षे लागली. जाहिरातीत नागपूरचा मे महिना दिसत नाही. कुत्रे धापा टाकून अंग थंड करते आणि आखूड नाकाच्या पगला नेमके तेच नीट जमत नाही. पारा ४५ अंशांवर असताना दुपारी वीज गेली आणि कूलर बंद पडला, तर बंद घरातल्या पगचे काय होईल या विचाराने माझे कामात लक्ष लागत नसे. कार्यालय दहा मिनिटांवर असल्याने मी जेवणाच्या सुट्टीत घरी जातो आणि डबा तिथेच खातो. फिरणे पहाटे साडेपाचला होते. मोरीतल्या शहाबादी फरशीवर पाणी शिंपडून ठेवले की गुंड्या तिथे पोट टेकून दुपार काढतो. ज्यांचे कार्यालय तासभर अंतरावर आहे, त्यांनी विदर्भात पग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबई, दादर

आमचा प्रश्न भुंकण्याचा होता. सोसायटीने आधी लिफ्ट बंद करण्याची आणि नंतर कुत्रे घराबाहेर काढण्याची नोटीस दिली. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सर्वसाधारण सभेत बहुमत झाले तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्याची प्रत मी सचिवांना दिली, तेव्हा तो विषय मिटला. तथापि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ रात्रपाळी करून दिवसा झोपतात, आणि त्यांची तक्रार कोणत्याही परिपत्रकाने खोटी ठरत नव्हती.

मी जुना मोबाइल रेकॉर्डिंग लावून घरात ठेवला. सोनी दिवसभर भुंकते असा सर्वांचा समज होता, पण प्रत्यक्षात ती आम्ही निघाल्यानंतर पंचवीस मिनिटे आणि पुढे फक्त बेल वाजली की भुंकत होती. म्हणजे दिवसभराचा एकटेपणा तिला जड जात नव्हता, जड जात होते ते आमचे निघणे. मग एका दीर्घ सुट्टीत आम्ही दिवसातून वीसेक वेळा किल्ल्या उचलल्या, चपला घातल्या आणि पुन्हा सोफ्यावर येऊन बसलो. आधी अर्धे मिनिट, मग दोन मिनिटे, मग दहा मिनिटे बाहेर थांबलो. घट्ट दही भरून बर्फाच्या कप्प्यात गोठवलेले रबरी खेळणे तिला फक्त निघताना मिळते आणि आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मंद आवाजात सुरू असते. महिन्याभराने त्या गृहस्थांनी जिन्यात थांबवून विचारले, “कुत्री दिली का हो कुणाला?”

सांगली, शिक्षिका

आमच्याकडे बेदाणा घरोघरी असतो आणि तो कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतो, हे मला ठाऊक नव्हते. मी शाळेत असताना आमच्या पाच महिन्यांच्या डॅशहुंडने खालच्या फळीवरची पुडी फोडली. सुदैवाने ती शनिवारची सकाळची शाळा होती आणि मी साडेअकराला परतले. डॉक्टरांनी लगेच उलटी करवली, तीन दिवस सलाइन दिले आणि रक्त तपासत राहिले. आता निघण्यापूर्वी मी स्वतः गुडघ्यांवर बसून त्याच्या उंचीवरून स्वयंपाकघर पाहते. कांदे, चॉकलेट आणि गोळ्यांचा डबाही त्याच फेरीत वर गेले.

स्टॉकहोम

स्वीडनमध्ये कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर नेलेच पाहिजे, पिल्लाला त्याहून अधिक वेळा, असा नियमच आहे. त्यामुळे पूर्णवेळ नोकरी करणारे लोक पिल्लाला सकाळी कुत्र्यांच्या पाळणाघरात सोडतात. सुरुवातीला मला हा श्रीमंतांचा चोचला वाटला होता. आता आईशी फोनवर बोलताना मी, “पिंट्याला पाळणाघरातून आणायचे आहे,” असे सहज म्हणते आणि पलीकडून काही क्षण काहीच ऐकू येत नाही.

हिंजवडी, संगणक क्षेत्र

आम्हाला जमले नाही. घरून काम सुरू असताना पिल्लू आणले आणि सात महिन्यांत दोघांनाही कार्यालयात परत बोलावले गेले. जाण्यायेण्यात रोज तीन तास जाऊ लागले. शिवाय आमचे पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचे असताना आम्हाला दिले गेले होते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, असा २०१७ चा नियम आहे, हे आम्हाला नंतर कळले. भावंडांत राहून किती जोरात चावावे हे पिल्लू शिकते, ते शिकणे राहून गेल्यामुळे असेल, पण एकटे राहून वैतागले की ते कडकडून चावत असे. शेवटी कोल्हापूरला माझ्या आईवडिलांकडे त्याला सोडले. परत येताना कराडपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आज वडील त्याला घेऊन रोज सकाळी रंकाळ्यावर जातात, आणि आम्ही गेलो की ते पाहुण्यांवर भुंकावे तसे आमच्यावर भुंकते.

पुन्हा पुण्याहून

ठाणेकरांना एक विचारायचे होते. खाणे देणाऱ्या यंत्रात मुंग्या होत नाहीत का? आमच्याकडे दुपारपर्यंत वाटी काळी व्हायची. मावशींनी एके दिवशी परातीत बोटभर पाणी भरून मधोमध वाटी ठेवली आणि मुंग्या थांबल्या. चिंगी आता आधी परातीतले पाणी पिते, मग खाते, आणि शेवटी परात उलटी करून तिच्यावर बसते.