मदत हवी आहे: सशाची पिल्लं चिंचिला की साधी करडी, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, मी सांगलीवाडीचा. घरी ससे पाळलेत, धंदा म्हणून नाही, पोरीच्या हौसेपायी. आमच्याकडं एक चिंचिला नर होता (चिंचिला म्हणजे चांदीसारख्या करड्या रंगाच्या सशांची जात), त्याला जोडी म्हणून तासगावच्या ओळखीच्यांकडून मादी आणली, तीपण चिंचिलाच, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. गणपती बसायच्या आठवडाभर आधी तिला सहा पिल्लं झाली, सगळी जगली, आता पाचेक आठवड्यांची आहेत आणि लसूणघासावर तुटून पडतात.

अडचण अशी की लांबून बघितलं तर सगळी करडीच वाटतात, पण हातात घेतली की तीन पिल्लं तांबूस मारतात, रानातला ससा असतो ना तशी, दोन आईसारखी चांदीच्या रंगाची, आणि एकाचं तर काय कळंनाच, पाठ चांदीसारखी पण पाय पिवळट. रात्री बल्बखाली काढलेल्या फोटोत तर सगळीच तपकिरी दिसतात. गुगलवर चिंचिला टाकलं की अँडीज पर्वतातला तो गुबगुबीत प्राणी येतो, त्याच्या रंगांची माहिती ढीगभर, आपल्या सशाची कमी.

कराडच्या एका गृहस्थांनी दोन जोड्या सांगून ठेवल्यात, चिंचिला म्हणूनच, त्यांच्या मुलांसाठी. विश्वासानं मागितलंय त्यांनी, म्हणून भलतंच पिल्लू त्यांच्या हातात द्यायला मन धजत नाही. कुणाला नक्की ओळखता येत असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १
दादा, बल्बचे फोटो सोडा. सकाळी सावलीत बसा, पिल्लू मांडीवर घ्या आणि बरगडीवरच्या केसांत हळू फुंकर मारा. केस फाकले की गोल गोल कडी दिसतात. मुळाशी पाटीसारखा निळसर करडा रंग दोन्हींत असतो, टोकं काळी तीपण दोन्हींत, फरक सगळा मधल्या कड्यात. ते पांढरं असेल तर चिंचिला, पिवळसर तांबूस असेल तर साधा करडा, म्हणजे रानातल्या सशाच्या रंगाचा. आणि कानामागं मानेवर त्रिकोणी ठिपका असतो तो बघा, साध्या करड्यात तो चक्क नारिंगी दिसतो, चिंचिलात फिकट. पोटावरून ओळखायला जाऊ नका, पोट दोघांचं पांढरंच. पिवळट पायांचं म्हणाल तर मुतानं पांढरे केस पिवळे पडतात, तो रंग धरायचा नाही.

प्रतिसाद २
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. मी एक हिशोब मांडतो, राग मानू नका. चिंचिला रंगात केसातला पिवळा रंगच जवळपास उतरत नाही, आणि हा गुण आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. म्हणजे दोन्ही खरे चिंचिला असतील तर तांबूस पिल्लू होणारच नाही. आता तारखा बघा. नागपंचमी ते गणेश चतुर्थी साधारण 29 दिवस, त्यातला आठवडा वजा करा, म्हणजे मादी आणल्यावर बावीसेक दिवसांत व्याली. सशीण तर 30 ते 32 दिवसांनी विते. ती तासगावहून येतानाच गाभण होती की! तुमचा नर ह्या पिल्लांचा बाप नाहीच.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी अंगणात बसून सगळ्यांना फुंकर मारून बघितली, पोरगी वहीत लिहून घेत होती. तिघांचं मधलं कडं तांबूस, मानेवर नारिंगी ठिपका. दोघांचं पांढरंशुभ्र. आणि ते पिवळ्या पायांचंसुद्धा चिंचिलाच निघालं, पिंजऱ्याचा कोपरा ओला राहत होता तिथंच ते झोपायचं. तासगावला फोन केला तर म्हणाले, हो, आमच्यात एक तांबूस नर अंगणात मोकळाच असायचा. हिशोब मला आधी सुचायला हवा होता, पण गणपतीच्या गडबडीत ध्यानातच आलं नाही.

प्रतिसाद १
एक सांगू का, विकताना चिंचिला जात म्हणू नका, चिंचिला रंगाची म्हणा. बाप तांबूस आहे, जातीची खात्री कशी देणार?

मूळ प्रश्नकर्ता
पटलं. कराडला आत्ताच बोललो, तीनच चिंचिला रंगाची आहेत आणि बाप दुसरा आहे हे सगळं सांगितलं. ते म्हणाले मुलांना दाखवून ठरवतो. रविवारी येतायत, तोवर पिंजऱ्याचा कोपरा कोरडा ठेवतोय.