रोमला संपणारी सहल आणि बुडापेस्टला सुरू होणारी सहल एकाच प्रवासात जोडावी का?

गोदातीर (नाशिक)

सर्वांना नमस्कार. येत्या मे महिन्यात मी आणि माझे यजमान युरोपला जाण्याचे ठरवीत आहोत. आम्ही दोघेही निवृत्त आहोत, साठी ओलांडलेली आहे, पण तब्येती उत्तम आहेत आणि रोजचे चालणेही आहे. पुण्यातल्या एका पर्यटन कंपनीची पश्चिम युरोपची सहल आम्हाला पसंत पडली आहे. ती पॅरिसला सुरू होते आणि स्वित्झर्लंड, इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लोरेन्स असे करीत रोमला संपते. जेवण भारतीय, सोबतीला मराठी मंडळी आणि मराठी बोलणारा टूर मॅनेजर, म्हणजे पहिल्या खेपेला जे हवे ते सगळे तिच्यात आहे. परंतु बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि प्राग ही तीन शहरे तिच्यात नाहीत, आणि ती पाहण्याची माझी इच्छा फार जुनी आहे. पुन्हा एवढा विमानखर्च आणि व्हिसाचा व्याप करण्यापेक्षा एका परदेशी कंपनीची, इंग्रजी मार्गदर्शक असलेली आठवडाभराची सहल त्यालाच जोडावी, असा विचार आहे. ती बुडापेस्टला सुरू होऊन व्हिएन्नामार्गे प्रागला संपते.

पहिली सहल शनिवारी सकाळी नाश्त्यानंतर संपते आणि दुसरीतल्या प्रवाशांना रविवारी संध्याकाळी सहा वाजता हॉटेलवर एकत्र बोलावले आहे. मधला वेळ पुरेसा आहे का, व्हिसा एकच लागेल की दोन, आणि सलग दोन सहली या वयात झेपतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सह्यकडा

गोदातीरताई, व्हिसा एकच लागेल, कारण तुमचे सगळे देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात. मात्र तो कोणत्या देशाकडे मागायचा, हे दोन सहली जोडल्यामुळे बदलू शकते आणि याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. नियम असा आहे, की ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करायचा, आणि दोन देशांतले मुक्काम सारखेच भरले तर ज्या देशात आधी प्रवेश करणार त्याच्याकडे. समजा, तुमच्या पहिल्या सहलीत स्वित्झर्लंडच्या तीन रात्री सर्वाधिक आहेत, तर कंपनी संपूर्ण गटाचे अर्ज स्विस वकिलातीकडे देईल. पण इन्सब्रुकची एक रात्र आणि व्हिएन्नाच्या तीन रात्री एकत्र केल्या की ऑस्ट्रियाचे पारडे जड होते आणि तुमचा अर्ज ऑस्ट्रियाकडे जायला हवा. म्हणून पैसे भरण्याआधी दोन्ही सहलींच्या रात्री देशवार मांडून बघा आणि उत्तर गटापेक्षा वेगळे आले तर कंपनीला तसे स्पष्ट सांगून आपला अर्ज स्वतंत्रपणे करा. दुसरी सहल अर्जात न दाखवता गटाबरोबर व्हिसा काढावा आणि पुढचे पुढे बघावे, असा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नका.

अर्जाला दोन्ही सहलींची आरक्षणे, मधल्या रात्रींचे हॉटेल आणि रोमहून बुडापेस्टला जाण्याची व्यवस्था, असे सर्व काही सलग दिसले पाहिजे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि शेंगेनमधल्या सर्व दिवसांना पुरणारा लागतो. पहिल्या कंपनीने दिलेला विमा बहुधा तिच्या सहलीच्या तारखांपुरताच असतो, त्यामुळे तो वाढवून घ्यावा लागेल. व्हिसा हातात आल्यावर केवळ मुदतीची तारीख पाहून निश्चिंत होऊ नका. स्टिकरवर मुक्कामाच्या दिवसांची संख्या वेगळी छापलेली असते, आणि ती तुमच्या एकूण दिवसांपेक्षा कमी असेल तर तारीख शिल्लक असूनही तुम्हाला राहता येत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेमध्ये जायचे तर दिवाळीनंतर लगेच कामाला लागावे.

विमानाच्या तिकिटाचाही विचार आत्ताच करायला हवा. गटाच्या तिकिटावर परतीची तारीख काही वेळा थोडे शुल्क भरून पुढे ढकलता येते, पण परतीचे शहर रोमऐवजी प्राग करून मिळणे अवघड असते. त्यापेक्षा पहिली सहल ‘लँड ओन्ली’, म्हणजे विमानाचे तिकीट वगळून घ्या आणि जाताना मुंबई ते पॅरिस, येताना प्राग ते मुंबई असे एकच मल्टीसिटी तिकीट स्वतः काढा. मात्र दुसरी सहल नक्की निघणार असल्याचे त्या कंपनीने कळवल्याशिवाय, परतावा न मिळणारे तिकीट काढू नका. पुरेसे प्रवासी न मिळाल्यास सहल रद्द करण्याचा हक्क कंपन्या आपल्या अटींमध्ये राखून ठेवतात.

डॅन्यूबकाठी (व्हिएन्ना)

मी अनेक वर्षे व्हिएन्नात राहते, आणि गटसहल संपवून पुढे आमच्याकडे येणारे पाहुणे मला चांगले परिचयाचे आहेत. पहिल्या दिवशी त्यांना शोनब्रुनचा राजवाडा दाखवायला न्यावे म्हटले तर ते आधी कपडे धुण्याचे यंत्र कुठे आहे ते विचारतात, आणि दुपारी दोन घास खाल्ल्यावर बसल्या जागी झोपतात. रोज पहाटे उठून सहा-साडेसहाला बॅग दाराबाहेर ठेवण्याचा शीण सहल चालू असताना जाणवत नाही, तो थांबल्यावर बाहेर पडतो. तुमचा प्रश्न वयाचा कमी आणि मधल्या विसाव्याचा जास्त आहे.

शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ हा वेळ कागदावर पुरेसा आहे, कारण रोमहून बुडापेस्टचे विमान दोन तासांच्या आत पोहोचते. रेल्वेचा विचार करू नका, तिला जवळजवळ एक संपूर्ण दिवस आणि रात्र लागेल. पण शनिवारचे विमान रद्द झाले तर काय? युरोपीय नियमांनुसार विमान कंपनीला तुमची खाण्याची, राहण्याची आणि पर्यायी विमानाची सोय करावी लागते, पण तुमची पुढची सहल थांबून राहत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या सहलींमधला सांधा पूर्णपणे तुमच्या जबाबदारीवर असतो. उशीर झाला तर गटाला पुढच्या शहरात स्वतःच्या खर्चाने गाठावे लागते आणि चुकलेल्या दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत. इटलीत विमानसेवेचे संप बऱ्याचदा होतात. ते आधी जाहीर होतात आणि संपाच्या दिवशीही सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांतली उड्डाणे सुरक्षित ठेवलेली असतात, म्हणून शक्यतो त्याच वेळेतले विमान निवडा. रोमला फ्युमिचिनो आणि चाम्पिनो असे दोन विमानतळ आहेत. तिकिटावर कोणता लिहिला आहे ते पाहून घ्या आणि स्वस्त तिकिटात मोठी बॅग धरलेली आहे का, तेही तपासा.

माझा आग्रह असा राहील, की दुसरी सहल मंगळवारी किंवा बुधवारी सुरू होणारी शोधा आणि मधले दिवस रोममध्ये न घालवता बुडापेस्टमध्ये घालवा. धोका प्रवासात आहे, तेव्हा प्रवास आधी उरकावा आणि विश्रांती जिथून पुढची सहल निघणार तिथेच घ्यावी. बहुतेक परदेशी कंपन्या सहलीच्या आधीच्या रात्रींचा मुक्काम जादा पैसे घेऊन त्याच हॉटेलमध्ये देतात, त्यामुळे सामान पुन्हा हलवावे लागत नाही. कपडे धुऊन घ्या, आणि १९१३ साली सुरू झालेल्या सेचेनी स्नानगृहाच्या गरम पाण्यात एक सकाळ बसा. चालून दुखणाऱ्या गुडघ्यांना इतके सुख दुसरे कशानेही मिळणार नाही.

आणखी एक, दुसऱ्या सहलीत सर्व जेवणे धरलेली नसतात. नाश्ता रोज असतो, रात्रीची जेवणे मोजकी असतात, बाकी आपले आपण पाहायचे. शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा आणि मांस व मासे दोन्ही चालत नाहीत असे स्पष्ट लिहा. हंगेरीत फोरिंट आणि चेक देशात कोरुना चालतो, त्यामुळे उरलेले युरो सगळीकडे उपयोगी पडतील असे धरू नका.

आरोही

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, फक्त एक पर्याय सुचवते. बसच्या सहलीला पुन्हा बसचीच सहल जोडण्याऐवजी डॅन्यूब नदीवरची जहाजसहल बघा. बॅग एकदाच उघडायची, खोली तीच राहते आणि गावे आपल्यापाशी येतात. ऑस्ट्रियातल्या मेल्क आणि क्रेम्स या गावांच्या मधले वाखाऊ खोरे डेकवर बसून पाहताना मला जे समाधान लाभले ते बसच्या खिडकीतून कधीच लाभले नव्हते. खर्च अधिक येतो हे खरे आहे. शिवाय नदीचे पाणी फार वाढले किंवा फार उतरले तर काही टप्पा बसने करावा लागतो, आणि प्राग डॅन्यूबवर नसल्यामुळे ते वेगळे जोडावे लागते.

गोदातीर (नाशिक)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. मुक्कामाच्या रात्री देशवार मांडून पाहिल्या, आणि खरोखरच ऑस्ट्रियाचीच बेरीज जास्त येते. बुधवारी निघणारी तारीखही मिळते आहे. जहाजाचा विचार यजमानांना फार आवडला, पण मला प्राग सोडवत नाही. ‘लँड ओन्ली’ घेतल्यास पॅरिस विमानतळावर कंपनी आम्हाला घ्यायला येईल का?

सह्यकडा

गटाच्या विमानाच्या वेळेच्या जवळपास उतरलात तर गटाच्या बसमधून नेतात, एरवी हॉटेलपर्यंत स्वतः जावे लागते. शक्य असल्यास आदल्या दिवशी पोहोचा, आणि गट कुठे व किती वाजता भेटणार हे टूर मॅनेजरच्या फोन क्रमांकासह कंपनीकडून लेखी घ्या.