आजारी कोंबडीला वेदनामुक्त मरण देण्याची वेळ कशी ओळखावी? (मदत हवी आहे)

माझ्या एका वयस्क कोंबडीच्या पोटात पाणी झाले आहे. पशुवैद्यांच्या निदानानुसार बलक अंडनलिकेत न उतरता पोटाच्या पोकळीत पडत राहिल्याने तेथे जंतुसंसर्ग झाला आहे. प्रतिजैविके देऊन झाली, सुईने पाणी काढल्यावर तिला काही काळ हुशारीही आली, परंतु पोट पुन्हा भरले आणि ते यापुढेही भरतच राहील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. ती बरी होणार नाही हे मी स्वीकारले आहे. तिला कधी सोडवावे, हे मात्र ठरवता येत नाही.

अडचण अशी की ती अजून खाते. हातावर दाणे धरले की मान पुढे करून चार-दोन टिपते, आणि ते पाहिले की माझा निर्णय पुन्हा लांबणीवर पडतो. एरवी मात्र ती पाय फाकवून, अंग ताठ उभे धरून जेमतेम चालते आणि लगेच बसते. बसल्यावरही चोच किंचित उघडी असते व प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खालीवर होते. पोट तट्ट फुगलेले असले, तरी छातीवरून बोट फिरवल्यास मधले हाड सुरीच्या धारेसारखे लागते. दांडीवर चढणे, पिसे साफ करणे, मातीत लोळणे, हे सगळे तिने सोडले आहे.

दुबळेपणा दिसला की इतर कोंबड्या टोचतात, म्हणून कोंबडी शक्य तितके दिवस आजार लपवते. त्यामुळे खाणे पूर्ण थांबण्याची वाट पाहणे म्हणजे तिला नको इतके सोसायला लावणे, असे मला वाटू लागले आहे. ज्यांनी हा निर्णय घेतला आहे, त्यांनी कोणते लक्षण निर्णायक मानले? माझ्या मते खाण्यापेक्षा श्वासाला अधिक महत्त्व द्यावे. हे बरोबर आहे का?

मान निखळवण्याची पद्धत सरावलेल्या हाताने झटक्यात केली तरच योग्य ठरते आणि मला तो सराव नाही, म्हणून पशुवैद्यांकडून भुलीच्या औषधाचे इंजेक्शन देण्याचा माझा विचार आहे. औषध शरीरात राहत असल्याने कुत्र्या-मांजरांनी उकरू नये इतके खोल पुरावे लागेल, हे ठाऊक आहे. परंतु धाप लागलेल्या पक्ष्याला दवाखान्यात नेताना त्रास कमी कसा करावा, आणि तोवर तिला एकटे ठेवावे की इतर कोंबड्या दिसतील अशा रीतीने जाळीआड, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.