विषय: ऑयुइत्तुकला जायचंय, कोणी जाऊन आलंय का?

प्रेषक: प्र. (मिसिसागा)

सगळ्यांना नमस्कार,

आपल्या मेलिंग लिस्टवर मी सहसा फक्त वाचते, पण आज विचारतेच. आम्ही दोघंही पुण्याचे, कॉलेजात असताना दर पावसाळ्यात सह्याद्रीत भटकायचो, हरिश्चंद्रगड तर चार वेळा झालाय. इथे आल्यापासून नोकरी, घर, लेक यातच अकरा वर्षं गेली. आता लेक सोळाची झालीय आणि तिनेच कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या बॅफिन बेटावरच्या ऑयुइत्तुक नॅशनल पार्कचे फोटो दाखवले. त्यातला माउंट थॉरचा कडा बघून नवऱ्याला कोकणकडा आठवला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

ऑगस्टमध्ये दहा दिवस सुट्टी मिळतेय. ओटावा, इकालुइत, पँगनिर्टंग (पार्काजवळचं गाव) अशी तिकिटं बघितली, आकडा बघून धडकी भरली पण जायचंच असं ठरलंय. अक्षयुक पास, म्हणजे पार्कातली खिंड, या टोकापासून त्या टोकापर्यंत ९७ किलोमीटर आहे, तो सात दिवसांत पूर्ण करावा असं डोक्यात आहे. (अक्षयुक हे नाव वाचून आपल्याच कुणाचं वाटतं ना?) कोणी गेलं असेल तर प्लीज लिहा.

प्र.

————

प्रेषक: अ. (ओटावा)

प्र., तुझी मेल वाचली आणि रात्रीच लिहायला बसले. आम्ही गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेलो होतो. जा, नक्की जा, लेकीलाही घेऊन जा, पण दहा दिवसांत नको गं. दहा दिवसांत सात दिवस चालायचं म्हणजे हाताशी उरले तीन, त्यात दोन विमानं, एक बोट, पार्कच्या ऑफिसातलं रजिस्ट्रेशन आणि तिथली हवा. एवढ्या सगळ्यांनी तुमच्या कॅलेंडरप्रमाणे वागायचं हे तिथे होत नाही.

ओटावाहून इकालुइत तीन तासांच्या आसपास, तिथून पँगचं छोटं विमान तासाभराचं. (सगळे पँगच म्हणतात, तुम्हालाही तीच सवय लागेल.) पँगची धावपट्टी गावाच्या मधोमध आहे, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधून फ्योर्डचा (डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाडीचा) वारा, त्यामुळे विमान रद्द होणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. आमचं जाताना एक दिवस रद्द झालं. मग पुढे पार्कच्या सुरुवातीपर्यंत, ओव्हरलॉर्डपर्यंत, फ्योर्डमधून साधारण तीस किलोमीटर बोटीने जायचं. गावातलेच इनुइट लोक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, नेतात, आणि ते भरती बघून निघतात, कारण ओहोटीला फ्योर्डच्या टोकाशी नुसता चिखल उघडा पडतो आणि बोट किनाऱ्याला लागतच नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. वारा सुटला तर बोट नाही. आम्हाला घ्यायला बोट यायची त्या दिवशी वारा होता, आम्ही एक दिवस जास्त ओव्हरलॉर्डला बसून होतो आणि गाठीला दोन दिवसांचं जास्तीचं खाणं होतं म्हणून काही वाटलं नाही. परतीची बोट आणि परतीचं विमान यांच्यात निदान तीन दिवस मोकळे सोड. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंस तरी माझी मेल पावली.

आता पासबद्दल. तिथे आखलेली वाट अशी नाही, काही ठिकाणी दगडांच्या लगोरीसारख्या खुणा आहेत, बाकी तू आणि तुझा नकाशा. पायाखाली कधी वाळू, कधी दलदल, कधी मोरेन, म्हणजे हिमनदीने ढकलून आणलेल्या दगडधोंड्यांचे डोंगरच. घराएवढे दगड आणि त्यातले काही हलतात. सह्याद्रीत आपण एका दिवसात जेवढं चालायचो त्याच्या निम्मं धर, पाठीवर वीस किलो असणार आहेत. पण खरी गोष्ट ओढ्यांची. दोन्ही बाजूंच्या हिमनद्यांमधून ओढे येतात, ते मधल्या वीझल नदीला मिळतात, सगळं पाणी दळलेल्या दगडाच्या पिठामुळे राखाडी, तळ दिसतच नाही. ऊन पडलं की बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं, पहाटे सगळ्यात कमी असतं. म्हणजे आपल्याला जो छान उन्हाचा दिवस वाटतो तोच ओढ्यासाठी वाईट.

आमचं झालं ते असं. विंडी लेकच्या पुढे एका ओढ्याला आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, पाणी मांडीपर्यंत आणि आत दगड गडगडत जाताना ऐकू येत होते. थांबलो, तंबू टाकला. रात्री अंधार पडत नाहीच, नुसती संध्याकाळ रेंगाळते. पहाटे चारला परत बघायला गेलो, थोडं उतरलं होतं, नवरा काठीने चाचपडत पाच-सहा पावलं आत गेला आणि परत आला. म्हणाला, नको. दुसऱ्या दिवशीही तेच, उलट जास्तच, वरती गरम दिवस होता. तिथून मागे फिरलो. मला रडू आलं, खरंच, दोन वर्षं पैसे साठवले होते. आर्क्टिक सर्कलची खूण पार झाली होती, थॉर समोर दिसत होता, पण त्याच्या पायथ्याशी जाऊन मान वर करायची राहिली ती राहिलीच. तरीसुद्धा सांगते, ते दोन दिवस एका जागी बसून मी जेवढं बघितलं तेवढं चालताना बघितलं नसतं. घोट्याएवढी विलोची झाडं, हो, झाडंच ती, जमिनीला चिकटून वाढलेली, त्याहून उंच झाड तिथे नाही. कापसाचं गवत. वाळूत गुलाबी फुलांचे ताटवे. आणि समोर तो थॉर, उंची १,६७५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम तीसेक मीटर जास्त, पण त्यातला १,२५० मीटरचा एकच कडा, तोही सरळ नाही तर पुढे झुकलेला. जगात यापेक्षा मोठा सरळ कडा नाही म्हणतात. तुझ्या नवऱ्याला सांग, कोकणकडा आठवला ते बरोबरच आहे.

ऑयुइत्तुक म्हणजे कधीही न वितळणारी जमीन. आणि वितळतेय. २००८ च्या जूनमध्ये पँगमधल्या नदीला एवढा पूर आला की गावातला पूल गेला, खालची गोठलेली जमीन कापली गेली, आणि त्याच उन्हाळ्यात पार्कातही पूर येऊन वीसेक पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. म्हणून पार्कवाले जे सांगतील ते ऐका. जाण्याआधी ओरिएंटेशनला बसावंच लागतं, परत आल्यावर आलो म्हणून नोंदवावंही लागतं. सॅटेलाइट मेसेंजर न्या, मात्र बटण दाबलं की तासाभरात कोणी येईल असं धरू नका, हवा खराब असेल तर मदत यायला दिवस लागू शकतात.

अ.

————

प्रेषक: ज. (हॅमिल्टन)

अ., फार छान लिहिलंस. प्र., मी वयाने मोठा आहे म्हणून विचारतो, राग मानू नकोस. पोलर बेअरचं काय? सोळा वर्षांची मुलगी बरोबर आहे. आणि तुमचं घर शाकाहारी ना, मग आठवडाभर खाणार काय?

ज. काका

————

प्रेषक: अ. (ओटावा)

काका, विचारलंत ते बरं केलंत. पोलर बेअर तिथे आहेत, किनाऱ्याकडे जास्त, आणि पासच्या उत्तरेच्या टोकाला, किकिकतारजुआकच्या बाजूला तर जास्तच, म्हणूनही मी प्र.ला पूर्ण पासचा आग्रह धरू नको म्हणते. किनाऱ्यालगत तंबू टाकायचा नाही, सगळ्यांनी एकत्र राहायचं, बेअर स्प्रे प्रत्येकाच्या कमरेला, पाठपिशवीत नाही. बंदूक आपल्याला पार्कात नेता येत नाही. इनुइटांना मात्र आपल्या जमिनीवर शिकारीचा हक्क आहे, पार्क झाल्यावरही तो राहिला, १९९९ मध्ये तसा करार झाला आणि २००१ मध्ये पार्क कायद्याने पक्का झाला. भीती वाटत असेल तर गावातल्या माणसाला गाइड म्हणून घ्या, पैसे जातील पण मला विचाराल तर सोळा वर्षांची लेक बरोबर असताना ते पैसे सत्कारणी लागतील.

खाण्याचं म्हणाल तर आपलं कोरडं खाणं तिथे सोन्यासारखं आहे. भाजून नेलेला रवा, कुळथाचं पीठ (पाच मिनिटांत पिठलं, इंधन कमी लागतं), मेतकूट आणि झटपट शिजणारा भात, भाजणी, गूळ-शेंगदाणे, तिळाच्या वड्या. सगळं घरूनच वजन करून न्या, पँगच्या दुकानात सगळं मिळतं पण सगळं विमानाने किंवा वर्षातून थोडे महिने चालणाऱ्या जहाजाने आलेलं, त्यामुळे भाव बघून जीव दडपतो. आणि ते लोक रोज त्याच भावात जगतात, हे तिथे उभं राहून कळलं. स्टोव्हचं इंधन मात्र विमानात नेता येत नाही, ते पँगमध्ये मिळेल का हे आधी फोन करून विचारा. खाणं, टूथपेस्ट, साबण, जे जे वास मारतं ते बेअरप्रूफ डब्यात, आणि तो डबा तंबूपासून लांब.

एक सांगायचं राहिलं. पँगमध्ये एक दिवस नुसता गावासाठी ठेवा. दीड हजार वस्तीचं गाव, टॅपेस्ट्री विणणाऱ्या बायकांचा स्टुडिओ आहे, क्रोशाच्या रंगीत टोप्या मिळतात, आमच्या घरी तीन आहेत. आणि पाट्या वाचा! इनुक्टिटुटची, म्हणजे इनुइटांच्या भाषेची, लिपी बघून मी तिथेच थबकले. एकच अक्षर फिरवलं की स्वर बदलतो: टोक वर असलेला त्रिकोण म्हणजे पि, टोक उजवीकडे केलं की पु, डावीकडे केलं की पा. आपल्या वेलांटी-उकाराचं काम तिथे अक्षर स्वतःच फिरून करतं. ही लिपी आधी क्री भाषेसाठी जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० मध्ये मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउसला बसवली, आणि तिच्यामागे शॉर्टहँडबरोबर देवनागरीचाही प्रभाव होता असं लिपीचे अभ्यासक मानतात. बॅफिनवर ती एडमंड पेकने रुजवली, १८९४ मध्ये तो पँगजवळच्याच कम्बरलँड साउंड या आखातातल्या ब्लॅकलेड बेटावर येऊन राहिला होता. बोटवाल्या आजोबांना मी कागदावर क, कि, कु लिहून दाखवलं तर त्यांनी शेजारी त्यांची तीन अक्षरं काढून दिली, तो कागद फ्रेम करून लावलाय. उतरताना कुयानामीक म्हणा, म्हणजे धन्यवाद.

अ.

————

प्रेषक: स. (कॅल्गरी)

मी फक्त हिवाळ्याबद्दल टाकतो. एप्रिलमध्ये स्नोमोबाइलने फ्योर्डवरून पार्कपर्यंत नेतात, नद्या गोठलेल्या असतात त्यामुळे ओढ्यांचा प्रश्न नाही, पण थंडी ती थंडी आणि तंबूत राहण्याचा अनुभव पाहिजे. जूनचा शेवट टाळा, फ्योर्डवरचा बर्फ धड चालण्याजोगा नसतो आणि बोटही जात नाही. जुलैच्या शेवटापासून ऑगस्ट हेच बरं.

स.

————

प्रेषक: प्र. (मिसिसागा)

ताई, काका, स., खूप खूप आभार. तुमची मेल मी काल जेवताना मोठ्याने वाचली. ओढ्यापाशी आल्यावर नवरा एकदम गप्प झाला, कारण त्याला माळशेजकडचा एक जुना पावसाळा आठवला, तेव्हा आम्ही मागे फिरलो नव्हतो आणि एका मित्राला दोराने ओढून काढावं लागलं होतं. तो लगेच म्हणाला, पूर्ण पास नाही. तर आता असं ठरतंय: रजा चौदा दिवसांची मागतोय, ओव्हरलॉर्डपासून चालत थॉरच्या दिशेने जितकं जमेल तितकं आणि त्याच वाटेने परत, गाइड घेऊन. ओढा नाही म्हणाला तर तिथेच तंबू. लेक पि-पु-पा गिरवत बसलीय, फ्रिजवर कागद चिकटवलाय.

यामुळे ढोलपथकाच्या प्रॅक्टिसला दोन रविवार आम्ही तिघं नसणार, पथकप्रमुखांनी नोंद घ्यावी, गणपतीच्या मिरवणुकीला असू.

आणि ताई, बेअरप्रूफ डबे तुमच्याकडे असतील तर भाड्याने द्याल का? कुळथाचं पीठ इथल्या दुकानात संपलंय, कोणाकडे किलोभर असेल तर या रविवारी हॉलवर घेऊन या, मी डबा आणते.

प्र.