जुनी वीस फुटी शिडाची बोट घ्यावी का? (मांडव्याच्या बाजूला ठेवायचा विचार आहे)

पनवेलकर_नि

नमस्कार मंडळी. मी आणि माझा एक मित्र, दोघं मुंबईत क्लबच्या डिंगीवर (छोट्या उघड्या शिडाच्या होडीवर) सेलिंग शिकलोय, त्यातली एंटरप्राइज बऱ्यापैकी चालवता येते, म्हणजे अगदीच कोरी पाटी नाही. आता झालंय असं की सासवण्याला ओळखीच्या एका काकांच्या वाडीत एक फायबरची वीस फुटी बोट कित्येक वर्षं पडून आहे, छोटं केबिन, वर उचलता येणारा कील (बुडाखालचा जड पंखा), मेन (मोठं) आणि जिब (पुढचं छोटं) अशी दोन शिडं, एक जुना आउटबोर्ड (मागे लावायचं इंजिन). काकांना जागा मोकळी हवीय आणि किंमत ऐकून मित्राने तिथेच हात पुढे केला होता, मीच म्हटलं थांब जरा. बोट नारळांच्या ओळीखाली उभी आहे, वर ताडपत्री होती तिच्या चिंध्या झाल्यात. बाहेरून मात्र बरी दिसते.

प्रश्न असे की बघायला जाताना नेमकं काय तपासायचं, वर्षाला खर्चाचा अंदाज काय धरायचा, आणि मांडव्याला मूरिंगवर (म्हणजे पाण्यातच बांधून) ठेवली तर आम्ही पनवेलहून शनिवार-रविवारी जाऊन सांभाळू शकू का? घरी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे "वहिनींना विचार" टाइप सल्ले नकोत :)

निवृत्त_नाविक

पनवेलकर, थांबलात ते बरं केलंत. बाहेरून बरी दिसते याला काही अर्थ नाही, फायबरला एक पॉलिश मारलं की वीस वर्षांची बोट कालची वाटते.

जाताना प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीने सगळं डेक वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगल्या ठिकाणी टणक आवाज येतो, आत पाणी गेलं असेल तिथे भद्द. डेक म्हणजे नुसतं फायबर नसतं, दोन थरांच्या मध्ये प्लाय किंवा बाल्साचं लाकूड असतं आणि स्क्रूच्या भोकातून पाणी मुरलं की ते आतल्या आत कुजतं. मास्टच्या (डोलकाठीच्या) बुडाशी, क्लीटच्या (दोरी बांधायच्या खुंटीच्या) भोवती, स्टँशनच्या (कठड्याच्या खांबाच्या) पायाशी जास्त लक्ष द्या. तुमच्या केसमध्ये नारळाचं झाड आहे म्हणताय, तर वीस-पंचवीस फुटांवरून पडलेला नारळ जेलकोटला (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला) केसासारखी चीर पाडतो आणि दोन पावसाळ्यांत तिथून पाणी आत जातं, ते वेगळं बघा.

दुसरं, मास्ट धरून ठेवणाऱ्या तारा. स्टेनलेस आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, साधारण दहा वर्षांनी बदलायच्या असा संकेत आहे. जुन्या साडीचा तुकडा घेऊन तारेवरून फिरवा (हाताचं बोट फिरवू नका, रक्त निघेल), एखादा पदर तुटला असेल तर धागा अडकतो. तार जिथे खालच्या फिटिंगमध्ये शिरते तिथे तांबूस ओघळ दिसला तर ती तार संपली समजा, कारण पाणी तिथेच साचून आतून खातं. चेनप्लेटसुद्धा (तारा बोटीला जिथे जोडतात त्या पट्ट्या) केबिनच्या आतून टॉर्च मारून बघा.

तिसरं, उचलता येणारा कील. त्याची पिन आणि उचलायची वायर. बोट जमिनीवर आहे तर कील जॅकवर किंचित मोकळा करून हाताने आडवा हलवा. खडखड झाली तर पिन किंवा तिचं भोक झिजलंय. हे काम वेळखाऊ आहे, कारण कील खाली सोडायला बोट उंच उचलावी लागते.

कागद असल्याशिवाय पैसे देऊ नका. मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात नोंदणीचं आधी विचारून या, 26/11 नंतर किनाऱ्यावर कोणाची बोट कुठे याची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी.

थळचा_पोऱ्या

काका बरोबर बोलले पन भाव तू बोट ठेवनार कुठं ते आधी ठरव, बाकी सगळं नंतर. आमच्याकडं लोक बोट घेतात नि मग जागा शोधतात.

मूरिंग म्हनजे खाली वजन नि वर साखळी येवढंच वाटतं ना. मोठ्या उधाणाला मुंबईच्या पान्यात चार मीटरच्या वर चढउतार होतो. साखळी ओहोटीच्या हिशोबानं टाकली तर भरतीला बोट नाक खाली घालून उभी राहनार, भरतीच्या हिशोबानं टाकली तर ओहोटीला बोट लांबवर फिरनार नि शेजारच्याला धडकनार. म्हनून शेजारी कोन हाय, त्याची साखळी किती, हे बघावं लागतं. साखळीचा जो भाग चिखलावर रोज उचलतो नि पडतो तिथं ती झिजते, वरून चकचकीत असली तरी. शॅकलच्या (साखळी जोडायच्या कडीच्या) पिनेला वायर बांधलीच पायजे नायतर ती सुटते, हळूहळू सुटते, नि सुटते ती राती.

दुसरं म्हनजे हिवाळ्यात सकाळी मतलई (जमिनीकडनं येनारा वारा) हलकी असते, मजा येते, दुपारनंतर वायव्येचा वारा चढला की मूरिंगवरची बोट दिवसभर हेलकावते. दोरी बोटीच्या नाकाला जिथं घासते तिथं जुना फायरब्रिगेडचा पाइप चढव, आठवड्यात दोरी खाल्लेली मी पाह्यलीय. तू शनवारी येनार, घासनं सोमवारीच चालू होनार. म्हनजे तिथला मानूस पायजे जो रोज नजर टाकंल, नि त्याला नीट पैसे दे, चहापान्यावर बोट सांभाळत नाय कोन.

नि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्याच्या आधी आमच्या होड्या वर येतात, तुझी पन मे मधे वर आलीच पायजे. पावसात तिथं काय पन ठेवायचं नाय. नारळी पुनव झाल्याशिवाय शीड काढू नको, हा आमचा कायदा, सरकारचा नाय.

मीनल_साउदॅम्प्टन

थळच्या दादांचं मूरिंगचं वाचून अगदी पटलं. मी इथे सोलंटमध्ये (इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला) नवऱ्याबरोबर छोटी बिल्ज-कील बोट ठेवते, म्हणजे दोन कीलची, ओहोटीला चिखलात सरळ उभी राहते, बाजूला कलंडत नाही. तुमच्याकडे खाड्यांमध्ये अशी बोट फार सोयीची पडेल पण भारतात सेकंडहँड सहज मिळते असं दिसत नाही, इथे ढिगाने.

खर्चाचं. इथे सगळे म्हणतात बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दर वर्षी धरा. नव्या बोटीला ते ठीक आहे, जुन्या स्वस्त बोटीला हा हिशोब साफ गंडतो, कारण काकांनी बोट फुकट दिली तरी शीड शिवणारा वीस फुटांच्या शिडाचेच पैसे घेणार आणि तारेचा मीटर तेवढ्यालाच मिळणार. त्यामुळे काकांची किंमत विसरा, तशीच नवी बोट केवढ्याला पडली असती त्याच्यावर टक्के काढा. (आमच्या घरात हा हिशोब मांडला तेव्हा दोन दिवस कोणी बोललं नव्हतं.)

बोट पाण्यात ठेवणार असाल तर अँटीफाउलिंग (बुडाला शेवाळ-कालवं धरू नयेत म्हणून लावायचा रंग) लागणारच. पूर्वी टिन असलेला रंग यायचा, तो जबरदस्त चालायचा पण कालवं-शिंपल्यांची वाट लावायचा म्हणून 2008 पासून जगभर बंद झाला, आता तांब्याचे असतात. इथल्या थंड पाण्यात एक सीझन निघतो, मुंबईच्या कोमट पाण्यात एवढी अपेक्षा ठेवू नका. एक युक्ती सांगते, पहिला हात लाल मारायचा आणि वरचे दोन निळे. निळ्यातून लाल डोकावायला लागला की कळतं रंग कुठे संपलाय, बहुतेक वेळा रडरच्या (सुकाणूच्या) पुढच्या कडेला आणि पाण्याच्या रेषेवर आधी. आणि जुना रंग कोरडा घासू नका हो, विषारी धूळ असते, पाणी मारून घासा, मास्क लावा.

शिडं बघताना कापड बघून फसू नका. कापड टिकतं, शिवण आधी जाते, उन्हाने. शिवणीवर अंगठ्याचं नख जोरात ओढा, धागा तुटून वर आला तर सगळी शिवण परत मारायला लागेल.

आणि मित्राबरोबर घेताय तर कोण कधी नेणार, मोडलं तर पैसे कोणाचे, एकाला बाहेर पडायचं तर काय, हे कागदावर लिहा. मैत्री आहे म्हणूनच लिहा.

लेझरवाला

मी सगळ्यांचा मूड घालवतो. केबिन कशाला पाहिजे? मांडवा ते गेटवे करून परत यायचंय ना, झोपणार कोण तिथे मच्छरात. जुनी लेझर (एकट्याने चालवायची छोटी डिंगी) घ्या. 4.23 मीटर, नुसती हल (मास्ट-शीड सोडून बोटीचं अंग) साठेक किलो, दोघांनी उचलली की ट्रॉलीवर. मूरिंग नाही, अँटीफाउलिंग नाही, माणूस नाही, चालवून झाली की गोड्या पाण्याने धुवा आणि उलटी करून ठेवा. दोघं आहात तर दोन घ्या आणि रेस लावा.

तपासणी पण दहा मिनिटांची. मास्ट ज्या भोकात उभी राहते त्यात काठोकाठ पाणी भरून चहा प्यायला जा, परत येईस्तोवर पातळी उतरली असेल तर ती बोट सोडा, तो जोड फाटला की मास्ट डेकसकट उपटून येते. आणि वरच्या मास्टच्या कॉलरचा रिव्हेट बघा, अॅल्युमिनियमला स्टेनलेस लागला की खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि मास्ट बरोब्बर त्या भोकाशी वाकते.

निवृत्त_नाविक

लेझरवाले, मुद्दा बरोबर आहे पण भर उन्हात बायकामुलांना लेझरवर बसवून दाखवा एकदा. केबिन झोपायला नसतं, सावलीला आणि पाण्याच्या कॅनला असतं. ज्याला त्याला ज्याची त्याची बोट.

पनवेलकर_नि

सगळ्यांचे आभार. रविवारी जाऊन आलो, सोबत स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि आईची जुनी साडी (कशाला हवी म्हणून विचारलं गेलंच, त्यामुळे घरी आता कळलंय).

डेक पुढच्या बाजूला ठणठणीत. डाव्या बाजूला मास्टपासून हातभर मागे साधारण ताटाएवढा भाग भद्द वाजतो, मधोमध चांदणीसारख्या चिरा, म्हणजे नारळच. तारांमध्ये मागच्या एका तारेला साडी अडकली, बाकी साफ, पण त्या कधी बदलल्या ते काकांना आठवत नाही. कील खडखडतो, थोडासा. मेनची शिवण नखाने सुटली, जिब बरी आहे कारण ती घरात कपाटावर होती. आउटबोर्डचा दोर ओढला तर हलत पण नाही. बिल्जमध्ये (बोटीच्या आत तळाशी) घोटाभर पावसाचं पाणी आणि एक बेडूक, तो राहतोच तिथे बहुधा.

आता सोडून द्यावी का?

निवृत्त_नाविक

सोडायला हवीच असं नाही. भद्द भागाच्या खालून, म्हणजे केबिनच्या छतातून, अर्ध्याच खोलीचं छोटं भोक पाडा आणि भुसा बघा, वरचा फायबरचा थर फोडू नका. भुसा पांढरट कोरडा असेल तर फक्त थर सुटलाय, इपॉक्सी भरून भागेल. काळपट ओला निघाला तर तेवढं डेक कापून नवीन प्लाय बसवायचं, अवघड नाही पण घाम काढणारं काम. तारा सगळ्या बदलायच्या, एक नाही, यावर मी वाद घालणार नाही. काकांना कील आणि मेनचं दाखवा, किंमत खाली येईल. भोक पाडण्याआधी त्यांची परवानगी घ्या एवढंच.

थळचा_पोऱ्या

आउटबोर्डचा जाम दोर ओढू नको जोरात. प्लग काढ, भोकातून थोडं तेल सोड, दोन दिवस ठेव, मग हातानं चाक फिरव. फिरलं तर कार्बोरेटर खोल, जुनं पेट्रोल डिंक झालं असनार. पान्याच्या पंपाचा रबरी इंपेलर तर डोळे झाकून नवा टाक. नि आता पंपावर E20 मिळतं, त्यातलं इथेनॉल पानी ओढतं, पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवूच नको, शेवटच्या फेरीनंतर पेट्रोलचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेस्तोवर चालव नि टाकी रिकामी कर. आमचे सगळे इंजिनवाले आता हेच करतात.

मीनल_साउदॅम्प्टन

बेडूक आहे म्हणजे पाणी बरेच दिवस साचलेलं आहे, कीलच्या बॉक्सभोवतीचं लाकूड आणि बोल्ट खालून नीट बघा. आणि पुढच्या पावसाळ्यात बोट नाक वर करून उभी करा, बुडाचा बूच काढून ठेवा म्हणजे पाणी मागे वाहून जाईल. ताडपत्री बोटीला चिकटवून बांधू नका, मध्ये आडवा बांबू घालून दोन्ही टोकांना वारा खेळू द्या, नाहीतर आत बुरशी. शिडं, उशा, दोऱ्या सगळं घरी. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) मास्टमधून काढताना टोकाला बारीक सुतळी शिवून तीच मास्टमध्ये ठेवा, म्हणजे परत ओवायला मास्टवर चढायला नको.

पनवेलकर_नि

काकांशी बोललो, भोक पाडायला हो म्हणाले, उलट उत्सुक आहेत. भुसा कोरडा निघाला तर घेतोय, ओला निघाला तर किंमत निम्मी करा म्हणून सांगितलंय. तारांचं माप मास्ट उभी असतानाच घ्यायचं की आडवी पाडून? आणि थळच्या दादा, कील उतरवायला चेनब्लॉक तुमच्या बाजूला भाड्याने मिळेल का?

थळचा_पोऱ्या

चेनब्लॉक हाय आमच्या चुलत्याकडं, भाडं नको, डिझेलचं बघ. शनवारी सकाळी लवकर ये, दुपारी आम्ही जाळ्याला बसतो.

निवृत्त_नाविक

माप आडवी पाडून, जुन्या तारा काढून शेजारी ताणून ठेवा आणि पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजा. टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू) अर्धे उघडे ठेवून. आणि चेनब्लॉक नारळाच्या झाडाला अडकवू नका, तीन बल्ल्यांची घोडी करा.