रोज दिसणारं, पण माहीत नसलेलं: तुमचे अनुभव लिहा

नेहमीच्याच एखाद्या गोष्टीबद्दल नवं काही कळलं आणि ती मुद्दाम पुन्हा पाहावीशी वाटली, असं तुमच्या बाबतीत झालंय का? सुरुवात मी करते.

आमच्या परसात औदुंबर आहे. उंबराला फूल येत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. एकदा कच्चं उंबर उभं चिरून भिंगाखाली धरलं, तर आत फुलंच फुलं, दाटीवाटीने! तोंडाशी इवलंसं छिद्र असतं. तिथून डासाहूनही लहान गांधीलमाशी आत घुसते. फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांपैकी नरांना पंखच नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, साल कुरतडून वाट काढतात आणि संपतात. त्या वाटेने माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. ते सगळं कळल्यापासून उंबरातल्या केंबरांची मला किळस येत नाही.

– मग अंजिरातही माशी असते का हो, ताई?

– आमची पुरंदरला अंजिराची बाग आहे. आपल्याकडच्या या अंजिराला माशी लागतच नाही, परागीभवनाशिवाय फळ धरतं. निर्धास्त खा.

– माझे वडील वाघोलीला खडीच्या खाणीवर होते. काळ्या दगडाच्या पोकळीत कधीकधी गर्द निळे स्फटिक निघायचे, आम्ही पोरं त्यांच्याशी खेळायचो. कॉलेजात भूशास्त्राच्या सरांनी नाव सांगितलं: कॅव्हनसाइट. कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं हे दुर्मीळ खनिज १९६७ साली अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये पहिल्यांदा सापडलं, पण संग्राहक जीव टाकतात ते वाघोलीच्या नमुन्यांवर. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ खाणीबद्दलच बोलत होते.

– नागपूर. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. जुलैतही येतो, पण तेव्हा ढग. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे हे कधीच घडत नाही.

– बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली कारवी फुलली, तेव्हा लेक कडेवर होती. २०२४ च्या बहराला ती पुढे आणि मी मागे. आठ वर्षांतून एकदा सगळी झुडपं एकदम फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. इथला पुढचा बहर २०३२ चा. सह्याद्रीत इतर ठिकाणी वर्षं वेगळी असतात. तुमच्या डोंगरावर शेवटची कधी फुलली, ते नक्की लिहा.