सर्कस, रस्त्यावरचे खेळ, फिजिकल थिएटर: सगळ्याला मिळून काय म्हणायचं?

सांगलीकर: आमच्या भागात या तिन्ही गोष्टी (फिजिकल थिएटर म्हणजे संवादांपेक्षा शरीराच्या हालचालींतून उभं राहणारं नाटक) शिकवणारं केंद्र काढावं म्हणून टिपण लिहितोय. तिघांना पुरेल असा एक मराठी शब्द हवाय. सांगलीच का, ते वेगळं सांगायला नको: १८८०मध्ये ग्रेट इंडियन सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, देवल सर्कस म्हैसाळची. कुणीतरी 'शारीर रंगकला' सुचवलंय. कसं वाटतं?

कोशकिडा: प्रश्नपत्रिकेतलं वाटतं. 'आंगिक' घ्या म्हणाल, तर नाट्यशास्त्रातला आंगिक अभिनय फिजिकल थिएटरला चपखल बसतो. पण झुल्यावरून उडी मारणाऱ्या पोरीला 'आंगिक कलाकार' म्हटलं तर ती हसेल. 'कसरत' तयार शब्द आहे की! फक्त हल्ली तारेवरची कसरत अर्थमंत्रीच जास्त करतात.

तंबूशेजारी: अहो, तंबूत एकच शब्द चालतो: खेळ. चारचा खेळ, सातचा खेळ. डोंबारी दोरीवर करतो तोही खेळ, नाटकाचे होतात तेही खेळच. तिन्ही ठिकाणी आधीच रुळलेला शब्द सोडून नवा कशाला घडवायचा?

कोशकिडा: मान्य. पण 'खेळ' लिहिलंत तर अर्ज थेट क्रीडा खात्यात जाईल आणि तिथले विचारतील, मल्लखांब आहे का?

आणि एक. 'कोलांटी' हा शब्द कोल्हाटी समाजाच्या नावावरून आला असं मानतात. म्हणजे कसब भाषेने घेतलं, आणि ज्यांचं ते कसब त्यांना काय दिलं? 'डोंबाऱ्याचा खेळ' हा वाक्प्रचार आपण कुणाची फजिती सांगतानाच वापरतो.

वकीलबाई: भाषेचं सोडा, कायदा बघा. १९५९च्या मुंबईच्या भीकप्रतिबंधक कायद्यात भिकेची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं अशा निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणं किंवा घेणंही येतं. मल्टिप्लेक्समध्ये मोजलेले पैसे तिकिटाचे, चौकात थाळीत पडलेले भिकेचे! त्यामुळे सांगलीकर, नावापेक्षा या पैशाला काय म्हणता ते आधी ठरवा. माझं मत 'बिदागी'. कीर्तनकाराला चालते, गवयाला चालते, मग दोरीवरच्या माणसाला का नको?

तंबूशेजारी: बिदागी झकास! पण मुलांचं काय? २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणली, आणि ते योग्यच झालं. मात्र हे अंग लहानपणीच वळतं. मग 'शिकणं' कुठे संपतं आणि 'काम' कुठे सुरू होतं? केरळात थलश्शेरीला कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी १९०१मध्ये सर्कशीची शाळा काढली, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्याच गावात २०१०मध्ये केरळ सरकारने अकादमी उघडली, ती काही वर्षांत बंद पडली.

वकीलबाई: म्हणून टिपणात 'विद्यार्थी' लिहा, 'बालकलाकार' नको. शाळा सुटल्यावरचे तास लिहा. तिकीट लावून होणाऱ्या खेळात अठराखालचं कुणी असणार नाही, हे वाक्य पहिल्याच पानावर टाका.

सांगलीकर: टाकतो. नाव 'खेळ-कसरत केंद्र' ठेवतोय. रस्त्यावरच्या कलावंतांनी येऊन शिकवावं असं आहे, त्यांच्या मानधनाच्या रकान्यावर 'बिदागी' लिहिलंय. लेखापाल कुरकुरतोय, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो शब्द नाही म्हणे.